छतातून गळती, ओल आणि पापुद्रे: फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं आपल्याकडच्या नेहमीच्या इमारतींसाठी आहेत: आरसीसीचा स्लॅब, वर कुणाचं तरी बाथरूम किंवा गच्ची, खाली तुमची खोली. सगळ्या उत्तरांमागे एकच क्रम आहे. पाणी कुठून येतंय ते आधी नक्की करायचं, ते वरून बंद करायचं, स्लॅब वाळू द्यायचा आणि रंगाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो, म्हणून दर दिवाळीला तोच डाग पुन्हा रंगवला जातो.

आत्ता, या घडीला छतातून पाणी ठिबकतंय. पहिल्यांदा काय करू?

विजेपासून सुरुवात करा. दिव्या-पंख्यांच्या वायरी स्लॅब ओततानाच टाकलेल्या पाइपांतून जातात आणि पाण्याला ती आयती वाट मिळते. म्हणून कित्येकदा पहिला थेंब पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या पॉइंटमधून पडतो. त्या खोलीचा एमसीबी पाडा. कोणता एमसीबी कुठला हे माहीत नसेल तर मेन स्विचच बंद करा. आरसीसीबी (करंट गळला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही म्हणजे धोका नाही, असं धरून चालू नका. डीबीच्या, म्हणजे सगळे एमसीबी असतात त्या, बॉक्समध्येच पाणी शिरलं असेल तर त्याला हात लावू नका. खालच्या मीटर रूममधून पुरवठा बंद करवून घ्या.

मग वरच्या घरी जा. त्यांना बाथरूमचा आणि किचनचा वॉल्व बंद करायला सांगा. घराला कुलूप असेल तर सोसायटीच्या प्लंबरला गच्चीवर पाठवून त्या ओळीच्या डाऊनटेकचा (टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाचा) वॉल्व बंद करावा लागेल. त्या ओळीतल्या इतर मजल्यांचंही पाणी जाईल, पण तासाभराचा प्रश्न असतो.

पाणी थेंब-थेंब असेल तर ठिबकण्याच्या जागी सुतळी चिकटवून तिचं टोक बादलीत सोडा. पाणी सुतळीवरून उतरतं आणि शिंतोडे उडत नाहीत. सगळं पुसून टाकण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्या, तारीख-वेळेसकट. ते पुढे कामाला येतात.

फॉल्स सीलिंग फुग्यासारखं खाली आलंय. हात लावू की नको?

तसंच ठेवणं जास्त धोक्याचं. दोन फूट बाय दोन फूट जागेत नुसतं एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी साडेतीन लिटरच्या वर भरतं, म्हणजे तेवढेच किलो. भिजलेला जिप्सम बोर्ड हे वजन पेलत नाही आणि अख्खा चौकोन एकदम कोसळतो. वीज बंद केल्याची खात्री करा, खाली टब ठेवा, स्वतः बाजूला उभे राहा आणि फुगवट्याच्या सगळ्यात खोल भागी लांब स्क्रू-ड्रायव्हरने एक भोक पाडा. पाणी ओसरेपर्यंत दुसरं भोक पाडू नका.

फुगून खाली आलेला बोर्ड वाळल्यावर पुन्हा सपाट होत नाही. तेवढा तुकडा कापून नवा लावावा लागतो. पीओपीचं छत थोडं जास्त सोसतं, पण आतली जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी गंजली आहे का ते बघण्यासाठी एक तुकडा उघडावाच.

प्लास्टर फुगलंय, पण पडलेलं नाही. ते कधी पडेल?

ते सांगता येत नाही, म्हणूनच ते पाडून टाकायचं. लांब काठीने हलकेच ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर प्लास्टर स्लॅबला धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर सुटलेलं आहे. अर्धा इंच जाडीचं प्लास्टर चौरस फुटाला दोन किलोच्या वर भरतं, त्यामुळे तीन बाय तीनचा ढलपा म्हणजे वीस किलो डोक्यावर. पोकळ भागाभोवती खडूने रेघ मारा, खालचा पलंग हलवा आणि गवंड्याकडून तेवढा भाग त्याच दिवशी उतरवून घ्या. नवं प्लास्टर मात्र लगेच करायचं नाही.

पाणी नेमकं कुठून येतंय ते कसं ओळखायचं?

डागाकडे बघून कमी कळतं, वेळेकडे बघून जास्त कळतं. चार-पाच दिवस एक कागद भिंतीला लावा आणि कधी ठिबकलं, किती वेगाने, ते लिहून ठेवा.

रात्री तीन वाजताही तोच वेग असेल, तर संशय दाबाच्या पाण्याच्या लाइनवर. गच्चीच्या टाकीपासून दर १० मीटर खाली आलं की पाइपातला दाब सुमारे एक किलोने वाढतो. म्हणजे दहा मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बारीक चीर असली तरी पाणी थांबायचं नाव घेत नाही. वरच्यांचा वॉल्व रात्रभर बंद ठेवून सकाळी वेग कमी झाला का ते बघा. नक्की करायचं तर प्लंबर हातपंपाने त्या लाइनमध्ये दाब भरतो आणि काटा खाली येतो का ते पाहतो. काटा उतरला की पाइप फुटला आहे, वाद संपला.

सकाळी सात ते दहा जास्त आणि दुपारी थांबतं, तर निचऱ्याचा दोष: नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याच्या भांड्याचा) सांधा, संडासच्या भांड्याचा जोड, किंवा टाइलच्या फटी. पाण्याला साबणाचा वास किंवा फेस असेल तर बाथरूमचा निचरा, तेलकट पिवळट असेल तर किचनचं सिंक, दुर्गंधी असेल तर मैलावाहिनी.

फक्त पावसात, आणि पाऊस थांबल्यावर काही तासांनी सुरू होतं, तर गच्ची. वाऱ्याबरोबर तिरका पाऊस आला तरच होतं, तर बाहेरच्या भिंतीतली भेग, खिडकीची चौकट किंवा छज्जा. मुंबईत अनेकांनी खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड खोलीत घेतलेला असतो. त्याचा स्लॅब खोलीच्या मापाने वॉटरप्रूफ केलेलाच नसतो, आणि खालच्या मजल्यावर नेमकी खिडकीच्या डोक्याशी ओल येते. ही जागा आधी तपासा.

ऋतूशी, वेळेशी कशाशीच संबंध नाही, ओल आहे पण थेंब नाही, तर बहुतेक वेळा वरच्या बाथरूमच्या भरावात पाणी मुरून बसलेलं असतं.

डाग हॉलच्या मधोमध आहे. वर तर त्यांचाही हॉलच आहे. मग?

पाणी स्लॅबमध्ये जिथून शिरतं तिथूनच खाली येत नाही. ते फरशीखालच्या मॉर्टरमधून, वायरिंगच्या पाइपातून, सळयांच्या बाजूने सरकतं आणि जिथे काँक्रीट पोकळ असेल तिथे बाहेर पडतं. बाथरूमपासून दहा-बारा फुटांवर डाग येणं नेहमीचं आहे. डाग पॉइंटभोवती गोल असेल तर पाइपातून आलेलं पाणी समजा. वर एसी असेल तर त्याची ड्रेनची नळी कुठून नेली आहे तेही विचारा. भिंतीत गाडलेली नळी तुंबली की पाणी फरशीखाली जातं आणि उन्हाळ्यातच गळती का होते ते महिनाभर कुणाला कळत नाही.

वरचे शेजारी म्हणतात, "आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे."

ते खोटं बोलत नसतील. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बाकीच्या स्लॅबपेक्षा साधारण ८ ते १२ इंच खाली ओततात, त्या खड्ड्यात पाइप टाकून विटांचे तुकडे किंवा कोबा (विटांच्या तुकड्यांचा सिमेंटमध्ये बसवलेला थर) भरतात आणि वर टाइल लावतात. टाइलच्या फटीतून किंवा ट्रॅपच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी या भरावात साठतं. वरून फरशी कोरडी, आत हौद. त्यामुळे डोळ्यांनी पाहणी करून वाद मिटत नाही, चाचणीच करावी लागते.

एक सोपी चाचणी रंगीत पाण्याची. खाण्याचा गडद रंग बादलीभर पाण्यात मिसळून पहिल्या दिवशी नहाणी ट्रॅपमध्ये, दोन दिवसांनी दुसऱ्या रंगाचं पाणी संडासात, मग सिंकमध्ये. खाली कोणता रंग उतरतो ते बघायचं. रंग दिसला तर पुरावा पक्का. नाही दिसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण विटांचा भराव रंग शोषून घेतो.

दुसरी चाचणी तुंबवण्याची. ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा आणि प्लास्टिक घालून फरशीवर इंचभर पाणी २४ ते ४८ तास ठेवा, पातळीची पेन्सिलने खूण करा. खालची ओल वाढली तर फरशी किंवा वॉटरप्रूफिंग गळतंय. न वाढता फक्त ट्रॅपमधून पाणी सोडल्यावर वाढली, तर सांधा किंवा पाइप. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी उरकल्या की काहीच कळत नाही.

वर बाथरूम नाही, गच्ची नाही, गळतीही सापडत नाही. तरी काळे डाग येतात.

मग ती खोलीतल्याच हवेची वाफ असू शकते. पावसाळ्यात बंद खोली, जोरात एसी, गार पडलेला स्लॅब; दमट हवा त्यावर दव धरते. डागाच्या जागी छत पुसून कोरडं करा आणि दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दिवसभर ठेवा. कागदाच्या खोलीकडच्या बाजूला पाणी आलं तर हवेतला दमटपणा. कागदाच्या मागे, स्लॅबकडे आलं तर पाणी स्लॅबमधून येतंय. हीच चाचणी पुढे रंग लावण्याआधीही करायची आहे.

वरचे दुरुस्ती करू देत नाहीत. आमच्या बाजूने, खालून वॉटरप्रूफिंग करता येईल का?

खालून केलेलं काम पाणी थांबवत नाही, त्याची वाट बदलतं. छताच्या तळाला कोट मारला की पाणी त्याच्या मागे दाब धरून बसतं, कोट फुगवून सोलतं किंवा शेजारच्या खोलीत उतरतं. दरम्यान सळया पाण्यातच राहतात.

पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन हा प्रकार खालून केला जातो: भेगेच्या कडेने साधारण फूटभर अंतरावर भोकं पाडून नोझल बसवतात आणि पंपाने रसायन भरतात. पाण्याला लागताच ते फेसाळून फुगतं आणि धार बंद होते. चालू गळती तात्पुरती आवरायला ते चांगलं. पण पाण्याचा उगम तसाच राहिला तर पुढच्या वर्षी दोन फुटांवर नवी जागा सापडते. सिमेंट ग्राउटिंग, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरणं, खालून करताना आणखी एक घोळ होतो: ग्राउट वायरिंगच्या पाइपात शिरतं आणि वायरी कायमच्या आत अडकतात. काम करणाऱ्याला पॉइंट आणि पाइपांचे मार्ग आधी दाखवा.

वरच्या बाथरूमची दुरुस्ती फक्त फटी भरून होईल का?

दोष फटीतच असेल तर होईल, आणि ते सगळ्यात स्वस्त काम आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं. जुनं पांढरं सिमेंट फटीतून दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढायचं, फटी पूर्ण वाळवायच्या आणि एपॉक्सी ग्राउट भरायचं. कमोडचा तळ, ट्रॅपची जाळी आणि भिंत-फरशीचा कोपरा इथे सिलिकॉन किंवा पीयू सीलंट. दोन दिवस बाथरूम बंद. जुन्या फटींवरून नुसता ग्राउटचा हात फिरवला तर महिन्याभरात पापुद्रा निघतो. आणि दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा पाइपात असेल तर एपॉक्सीने काहीही होणार नाही.

पूर्ण तोडूनच करायचं ठरलं, तर काम कसं झालं पाहिजे?

टाइल, मॉर्टर आणि सगळा भराव काढून मूळ स्लॅब उघडा झाला पाहिजे. "वरची फरशी काढून केमिकल मारू" हे पूर्ण काम नव्हे. भराव काढताना ब्रेकर न वापरता छन्नी-हातोडीच वापरायची, नाहीतर खालच्या छताचं प्लास्टर हादरून पडतं. जुने जीआय पाइप असतील तर या संधीला बदलाच. सीपीव्हीसीचे सांधे चिकटवल्यावर लगेच पाणी न सोडता सॉल्व्हंटच्या डब्यावर दिलेला वेळ थांबा आणि दाबाची चाचणी भराव टाकण्याआधी घ्या.

उघडा स्लॅब धुऊन, भेगा आणि पाइपाभोवतीची भोकं पॉलिमर मॉर्टरने किंवा न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. कोपऱ्यांत काटकोन न ठेवता गोलाई द्यायची, कारण काटकोनातच कोट तुटतो. मग सिमेंट मिसळून लावायच्या अॅक्रिलिक पॉलिमर कोटिंगचे दोन हात, पहिला आडवा आणि दुसरा उभा, मध्ये किमान चार-सहा तास. कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी पहिल्या ओल्या हातात दाबायची. कोट भिंतीवर तयार फरशीच्या वर निदान एक फूट, आणि शॉवरच्या भिंतीला सहा फुटांपर्यंत न्यायचा. लावण्याआधी पृष्ठभाग ओलसर हवा पण पाणी साचलेलं नको. कोरड्या काँक्रीटवर कोट लावला तर त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो पिठासारखा सुटतो.

कोट वाळल्यावर ४८ तास पाणी तुंबवून खाली बघायचं. ही चाचणी ठेकेदार टाळतात, कारण दोन दिवस मजुरी बसते. तुम्ही टाळू नका. त्यानंतर कोटवर पाऊण इंच मॉर्टरचं संरक्षण, मग भराव. भरावाच्या वर, टाइलच्या खाली, पुन्हा एकदा कोटिंग. पाणी भरावात शिरूच नये म्हणून खरं काम हा दुसरा थर करतो. फरशीला ट्रॅपकडे ६० ला १ असा उतार, म्हणजे पाच फुटांत एक इंच. स्लॅबच्या तळापासून डक्टमध्ये अर्ध्या-पाऊण इंचाची एक बारीक नळी काढून ठेवली तर पुढे कधी आत पाणी जमलंच, तर ते तुमच्या छताऐवजी डक्टमध्ये दिसेल. एका बाथरूमला दहा ते पंधरा दिवस धरा. आठवड्यात सगळं उरकून देतो म्हणणारा माणूस बहुधा तुंबवण्याची चाचणी खाणार.

दुरुस्ती झाली, तरी ठिबकतंय. काम फसलं का?

लगेच तसं म्हणू नका. फक्त फटी किंवा पाइप दुरुस्त केला असेल आणि भराव जुनाच असेल, तर त्यात साठलेलं पाणी उतरायला एक ते तीन आठवडे लागतात. वेग दिवसागणिक घटत गेला पाहिजे. दहा दिवसांनीही तोच असेल किंवा मधेच वाढला, तर दुसरा उगम आहे.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर आहोत. गच्ची कशी तपासायची?

आधी फुकटातल्या गोष्टी. पावसाच्या पाण्याची जाळी पानांनी, पिशव्यांनी तुंबली आहे का? कठड्याच्या पायाशी भेग? डिश अँटेना, सोलर हीटरचे स्टँड, केबलचे खिळे यांनी कोब्याला भोकं पाडली आहेत का? कठड्यात पिंपळ उगवला आहे का? पिंपळ नुसता तोडला तर मूळ आत वाढत राहतं. तो भाग फोडून मूळ काढावं लागतं.

मग तुंबवून बघा. पाण्याच्या तोंडांना बोळे घालून, विटा-मातीचे बांध करून एकेका भागात इंच-दोन इंच पाणी ७२ तास ठेवायचं. शेजारी एक उघडी बादली भरून ठेवा. दोन्हीकडे सारखंच कमी झालं तर ते ऊन पिऊन गेलं, गच्चीवर जास्त कमी झालं तर मुरलं.

मोजक्या भेगा असतील तर प्रत्येक भेग अर्धा इंच रुंद-खोल व्ही आकारात खोदून पीयू सीलंट किंवा पॉलिमर मॉर्टर भरावं. साधं सिमेंट भरू नका, उन्हा-गारठ्यात ते पहिल्याच वर्षी सुटतं. पूर्ण गच्चीला कोटिंग करायचं तर अॅक्रिलिक स्वस्त पडतं पण काही वर्षांनी पुन्हा लावावं लागतं. पीयू महाग, पण ताणलं जातं म्हणून जास्त टिकतं. पाणी साचून राहत असेल, म्हणजे उतारच चुकला असेल, तर कोणतंही कोटिंग फार दिवस तग धरत नाही.

जुन्या कोब्यावरच नवा कोबा टाकला तर?

नाही. विटांचा कोबा चार इंच जाडीला चौरस मीटरमागे १८० ते २०० किलो भरतो. वापरात असलेली सपाट गच्ची फिरत्या वजनासाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरून आखलेली असते. म्हणजे एका दुसऱ्या कोब्यानेच ती सगळी मोकळीक संपते, वर टाकी आणि माणसं वेगळीच. जुन्या इमारतींत असे दोन-तीन थर एकावर एक सापडतात. कोबा खराब असेल तर काढून नवा करायचा, आणि काढताना डबर गच्चीच्या मध्यावर ढीग करून ठेवायचं नाही.

भर पावसाळा आहे. आत्ता काय करता येईल?

कायमचं काही नाही. जाळ्या साफ ठेवणं, साचलेलं पाणी खराट्याने ढकलणं, संशयाच्या भेगेवर ब्यूटाइलची चिकटपट्टी, आणि त्या भागावर ताडपत्री. ताडपत्री कठड्याच्या वरून बाहेर नेऊन बांधा. मधेच संपली तर पाणी तिच्या काठाने नेमकं भेगेत जातं. ओल्या स्लॅबवर घाईने मारलेलं कोटिंग उन्हाळ्यात फोडांसारखं उठतं. दिवाळीनंतर तपासणी, फेब्रुवारी ते मे काम, जूनच्या पहिल्या आठवड्याआधी तुंबवण्याची चाचणी, असं वेळापत्रक सोसायटीच्या सभेत आत्ताच मंजूर करून घ्या. मे महिन्यात सगळीकडेच घाई असते आणि चांगला ठेकेदार मिळत नाही.

छताच्या सळया दिसतायत, गंजलेल्या आहेत.

इथे गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणून आतून काँक्रीट फोडून बाहेर येतो. वर सिमेंटचा गिलावा चोपडला की गंज आत सुरूच राहतो आणि पुढच्या वेळी मोठा ढलपा पडतो. समुद्राकाठी, मुंबई ते सिंधुदुर्ग-गोव्यापर्यंत, हवेतल्या क्षारांमुळे हे लवकर घडतं.

नीट काम असं: स्लॅबला टेकू, सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे निदान पाऊण इंच जागा होईपर्यंत काढणं, तारेच्या ब्रशने सळई चकचकीत करणं, गंजरोधक कोट, मग बाँडिंगचा हात आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर. डोक्यावरच्या कामात एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड थर चढवला तर तो स्वतःच्या वजनाने सुटतो. एसबीआर लेटेक्सचं (मॉर्टरमध्ये मिसळायच्या पॉलिमर द्रवाचं) प्रमाण डब्यावर दिल्याप्रमाणे मोजून घालायचं. मग्ग्याने अंदाजे ओतलेलं लेटेक्स म्हणजे पैसे वाया. सळईची जाडी पाचव्या हिश्श्याहून जास्त झिजली असेल तर जोडसळई टाकायची की नाही ते इंजिनिअरने ठरवायचं.

रंग कधी लावायचा? पेंटर म्हणतो चार दिवसांत वाळेल.

वरचा पापुद्रा वाळेल, स्लॅब नाही. काँक्रीटला इंचामागे साधारण महिना असा ठोकताळा आहे; पाच इंचांचा स्लॅब पूर्ण भिजला असेल तर काही महिने. व्यवहारात प्लास्टिकच्या कागदाची चाचणी दोनदा, आठवड्याच्या अंतराने कोरडी आली की काम सुरू करा. भिजलेली पुट्टी आणि रंग आधीच खरवडून ठेवले तर स्लॅब लवकर वाळतो, म्हणून छत थोडे दिवस भकास दिसलं तरी चालवून घ्या.

पांढरी पावडर, म्हणजे क्षार, कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलं तर ते विरघळून परत आत जातात आणि वाळल्यावर पुन्हा वर येतात. तपकिरी कडेचा डाग साध्या प्लास्टिक पेंटला जुमानत नाही, दोन हातांनंतरही वर उमटतो, कारण पाण्यातल्या रंगात तो विरघळतो. त्यावर आधी डाग अडवणारा, सॉल्व्हंटचा प्रायमर लावावा लागतो. पुढे पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पातळ दोन हात, प्रायमर आणि रंग. ऑइल पेंट लावू नका. उरलीसुरली ओल त्यामागे कोंडते आणि फोड येतात.

काळी बुरशी कशाने जाते?

उगम बंद झाल्याशिवाय कशानेही जात नाही. बुरशी आलेला जिप्सम बोर्ड फेकायचा. प्लास्टरवरची बुरशी कोरडी घासू नका, बीजं खोलीभर उडतात. एन९५ मास्क आणि हातमोजे घालून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच वापरायचं तर चार लिटर पाण्यात एक कप, त्याहून जास्त नको. आणि ब्लीच संडास साफ करायच्या अॅसिडबरोबर कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. घरात दमा असलेलं कुणी असेल तर त्यांना तेवढा दिवस बाहेर पाठवा.

खर्च कुणी करायचा: आम्ही, वरचे, की सोसायटी?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची जबाबदारी. गच्ची "वरच्या मजल्यावाल्यांची" नसते, तिचा खर्च सगळ्यांचा. बाथरूम, संडास, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांचा. दोष वरच्या घरातल्या बदलामुळे झाला असेल, उदाहरणार्थ बाथरूम हलवणं, तर त्यांच्यावर आणखी ठामपणे येतो.

तोंडी सांगणं पुरत नाही. सेक्रेटरींना फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि दोन्ही घरांच्या उपस्थितीत पाहणी मागा. पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करायचा अधिकार सोसायटीला आहे. तरीही हलत नसेल तर उपनिबंधकांकडे तक्रार आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय हे मार्ग आहेत. तिथे वेळ जातो. वरच्यांचा खरा विरोध बहुतेकदा पैशांपेक्षा पंधरा दिवस बाथरूम बंद राहण्याला असतो. ती सोय कुणी केली तर अर्धा वाद मिटतो.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, तीसहून जास्त असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, असं उपविधी सांगतात. अनेक स्लॅब एकाच वेळी गळत असतील तर एकेकट्याने प्लंबर बोलावण्याऐवजी ते ऑडिट मागा.

घराच्या विम्यात हे येतं का?

पाइप किंवा टाकी अचानक फुटून झालेलं नुकसान येतं. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत ते आहे. वर्षभर हळूहळू मुरलेली ओल देखभालीतली त्रुटी धरली जाते आणि दावा सहसा नाकारला जातो. दुरुस्ती सुरू करण्याआधी कंपनीला कळवा, सर्व्हेअर यायच्या आधी भिजलेला बोर्ड फेकू नका.

कोटेशन घेताना काय लिहून घ्यायचं?

"वॉटरप्रूफिंग, दहा वर्षं गॅरंटी, इतके रुपये चौरस फूट" एवढंच लिहिलेलं कोटेशन परत करा. भराव कुठपर्यंत काढणार, कोणतं उत्पादन, किती हात, चौरस मीटरला किती किलो, कोट भिंतीवर किती उंच, तुंबवण्याची चाचणी किती तास, डबर कोण उचलणार, जिन्याला-लिफ्टला नुकसान झालं तर कुणाचं, हे सगळं कागदावर हवं. डबे सीलबंद आले पाहिजेत, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख तुमच्यासमोर उघडण्याआधी वाचून घ्या आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत ठेवायला सांगा. किलो भागिले क्षेत्रफळ हा हिशोब त्या डब्यांवरून पाच मिनिटांत होतो. शेवटचे २० ते २५ टक्के पैसे चाचणी कोरडी आल्यावर द्यायचे, असं आधीच ठरवा; गच्चीचं काम असेल तर तो हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतरचा.